हॅलमबाईंना दिलेली हाक

मदिनत खलीफा, दोहा
बुधवार, १७ जुलै २०२४

सबीहा,

सलाम. घेतलास तर घे, नाही तर माझा देऊन झाला.

तुझा फोन मला सहा वर्षांपासून लागत नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. पाकिटावरचं अक्षर बघूनच फाडायचं असेल तर फाड. पण आज कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, आणि ही गोष्ट कळेल असं माणूस मला तुझ्याशिवाय दुसरं आठवत नाही.

मी ज्या म्हाताऱ्या बाईंना सांभाळते, त्या काल घरातून निघून गेल्या. भर दुपारी पाऊण वाजता, शेहेचाळीस डिग्रीच्या उन्हात, एकट्या. पाऊण तासाने सापडल्या. जिवंत आहेत. हे आधीच लिहून टाकते, कारण वरची ओळ वाचताना तुझ्या छातीत काय झालं असेल ते मला इथे बसून कळतंय. आपल्या अम्माला आपण जिवंत आणू शकलो नाही.

बाईंचं नाव विनिफ्रेड हॅलम. वय चौऱ्याऐंशी. इंग्लंडमध्ये चाळीसहून जास्त वर्षं नाटकात काम केलेली नटी. सिनेमात कधी गेल्या नाहीत, म्हणून इथे त्यांना कुणी ओळखत नाही, आणि त्याचा त्यांना राग आहे. मुलगी ज्युडिथ वेस्ट बेमध्ये एका इंजिनिअरिंग कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. नवरा नाही, मूल नाही. तीन वर्षांपूर्वी तिने आईला इथे आणलं. गेली दोन वर्षं मी याच घरात राहून बाईंचं सगळं बघते. चौथा माणूस युसुफ, गाडी चालवतो. म्हसळ्याचा आहे, म्हणजे आपल्यातलाच.

काल ज्युडिथ जेवायला घरी येणार होती. ऐन वेळी तिचा फोन आला की मीटिंग लांबली, येत नाही. मी किचनमध्ये फोनवर होते. बाहेर आले तर जेवणाच्या खोलीत बाई नाहीत. त्यांच्या खोलीत नाहीत, बाथरूममध्ये नाहीत. पुढचं दार सताड उघडं, आणि अंगणापलीकडे गेटमधला लहान दरवाजाही उघडा.

सबीहा, मी चपला न घालता धावले. उन्हाळ्यात दुपारच्या वेळी इथे बाहेरची कामं कायद्यानेच बंद असतात. रस्त्यावर चिटपाखरू नाही, विचारणार कुणाला? एक व्हिला, भिंत, दुसरा व्हिला, भिंत. मी नुसती 'मॅडम, मॅडम' करत फिरत होते आणि मनात एकच, की आता भिंतीच्या कडेला पांढरं काहीतरी पडलेलं दिसणार.

युसुफ गाडी घेऊन दुसऱ्या अंगाला गेला. सापडल्या त्या मला. मागच्या रस्त्यावर चार दुकानं आहेत, त्यात एक लेडीज टेलर, हैदराबादचा वयस्कर माणूस. तो दुकानाच्या दारात घाम पुसत उभा होता. मला म्हणाला, "बेहेनजी, अंदर एक मेमसाब ट्रायल के परदे के पीछे खडी है. आधा घंटा हो गया. न कपडा लिया, न बाहर आती. लेडीज है, मैं परदा कैसे हटाऊँ?"

मी पडदा सरकवला. बाई ताठ उभ्या होत्या. एका पायात बूट नाही, चेहरा लालबुंद, ओठ फुटलेले. मला बघून हळूच कुजबुजल्या, "आता माझी एन्ट्री का?"

हॉस्पिटलात नेलं, सलाईन लावलं. पायाचा तळवा भाजलाय, बाकी निभावलं. ज्युडिथ धावत आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, गेट कुणी उघडं ठेवलं? मी तोंड उघडायच्या आत बाई उशीवरून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ड्रायव्हरने. मी पाहिलं."

मी काहीच बोलले नाही. मला फार भीती वाटतेय.

हजरा


शुक्रवार, १९ जुलै

सबीहा,

बाईंना काल घरी आणलं. आज सुट्टी, म्हणून ज्युडिथ त्यांच्याजवळ बसली आहे आणि मला दोन तास मोकळे मिळालेत.

परवाच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, पण सगळंही लिहिलं नाही. ते पाकीट अजून माझ्या उशाखालीच आहे. त्याच्याबरोबर हे ठेवते.

बाईंचं डोकं जात चाललंय. गेल्या ऑगस्टपासून. मला माहीत आहे, बाईंना स्वतःला माहीत आहे, ज्युडिथला माहीत नाही. ज्युडिथने आईला आणतानाच स्पष्ट सांगितलं होतं की तू विसरायला लागलीस की माझ्याच्याने इथे निभणार नाही. यॉर्कशरमध्ये एका वृद्धाश्रमात तिने नाव घालून ठेवलंय. बाईंनी एकदा माझा हात धरून सांगितलं, "तिथे खुर्च्या भिंतीला लावून बसवतात. मला तिथे जाऊ देऊ नकोस." तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मी जे पाहिलं त्यापुढे मला नाही म्हणता आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी झाकत गेले.

कसं झाकलं ते सांगायचं तर आधी बाईंची गोष्ट सांगावी लागेल.

बाप गिरणीत कापड रंगवायचा, ब्रॅडफर्ड नावाच्या गावात. त्याचे हात कोपरापर्यंत निळे असायचे म्हणे. सतराव्या वर्षी बाई घरातून निघून एका नाटक कंपनीत लागल्या. तिथे दर सोमवारी नवं नाटक. सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम, संध्याकाळी या आठवड्याचा खेळ, आणि मधल्या वेळात त्याच्याही पुढचं पाठांतर. वर्षाला चाळीस नाटकं. अशा त्या बाईचं डोकं जावं, यात काय न्याय आहे ते अल्लालाच ठाऊक.

पण पहिली दोन वर्षं त्यांना स्टेजवर घेतलंच नाही. काम काय, तर नटांच्या खोल्यांच्या दारावर टकटक करून वेळ सांगायची. पडदा उघडायच्या पस्तीस मिनिटं आधी पहिली हाक, तिला 'हाफ' म्हणतात. मग वीस मिनिटं आधी 'क्वार्टर', दहा आधी 'फाइव्ह', सगळ्या हाका पाच मिनिटं लवकर. आणि पाच मिनिटं उरली की 'बिगिनर्स', म्हणजे पहिल्या प्रवेशातल्यांनी आपापल्या जागी जाऊन उभं राहायचं. प्रत्येक हाकेला आतून 'थँक यू' यायलाच हवं. हाफ दिल्यावर कुणी थिएटर सोडून जात नाही, आणि बिगिनर्स दिल्यावर कुणी खोलीत बसून राहत नाही, मग घरात मयत असो.

पुढे बाईंना कामं मिळत गेली. आधी मोलकरणी, मग नायिकेच्या बहिणी, मग नायिका. लंडनला एका नाटकात चार महिने रोज हाऊसफुल्ल. तेव्हा ज्युडिथ पोटात होती. पाचव्या महिन्यापर्यंत कॉर्सेट आवळून काम केलं, मग झाकेना, आणि भूमिका दुसरीला दिली. त्या दुसरीचं पुढे फार नाव झालं. ती जाऊन वीस वर्षं झाली, तरी हॅलमबाई तिला अजून माफ करायला तयार नाहीत.

तर गेल्या ऑगस्टमध्ये एक दिवस बाई पलंगावरून उठेचनात. केस पिंजारलेले, नाइटी तशीच, आणि ज्युडिथ अर्ध्या तासात येणार. मी विनवलं, रागावले, रडकुंडीला आले. शेवटी गंमत म्हणून बाहेर जाऊन दारावर टकटक केली आणि म्हटलं, "मिस हॅलम, युवर हाफ." सबीहा, आतून "थँक यू" आलं. बाई उठल्या आणि आरशासमोर जाऊन केस विंचरायला लागल्या.

तेव्हापासून रोज हेच. हाफला गोळ्या आणि तोंड धुणं, क्वार्टरला कपडे, फाइव्हला बूट, बिगिनर्सला जेवणाची खोली. तिथे तासभर ज्युडिथसमोर असं बोलायच्या की ऐकत राहावं. अडल्या की नजर किचनच्या दाराकडे. मी तिथे ताटल्या पुसत उभी. आवाज न करता ओठांनी शब्द द्यायचे. 'मंगळवार.' 'कोळंबी.' 'पीटर, तुमचा चुलतभाऊ.' अकरा महिने मी हे केलं. खरं सांगू? मला मजाही यायची.

मंगळवारी मी बिगिनर्स दिलं, बाई "थँक यू" म्हणाल्या, आणि मग ज्युडिथचा फोन आला. म्हणजे खेळ रद्द. रद्द झाल्याचं खोलीवर जाऊन सांगायचं असतं, ज्याने हाक दिली त्यानेच. मी गेले नाही. म्हटलं, बसतील जेवणाच्या खोलीत, आज जरा दम खाऊ. फोन मिनिटभराचा होता. त्यानंतर मी स्टुलावर बसून चहा प्यायले, सावकाश, पूर्ण कप.

बाई जेवणाच्या खोलीत आल्या असणार. तिथे कुणी नाही. मग त्या स्टेज शोधायला निघाल्या.

गेटच्या दरवाजाला आतून कडी आहे. युसुफने ती लावली होती. मी किचनच्या खिडकीतून त्याला लावताना पाहिलं होतं.

हजरा


बुधवार, २४ जुलै

सबीहा,

युसुफचं खलास. ज्युडिथने त्याला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. गुपचूप गावी गेलास तर पोलिसांत जात नाही, म्हणाली. नऊ वर्षं तो या घरात आहे. थोरली मुलगी फार्मसीला, धाकटी बारावीला.

काल दुपारी मी बाहेर कपडे वाळत घालत होते. तो गाडी पुसता पुसता जवळ आला.

"हजराआपा, दरवाजा मीच लावलेला. दोनदा हलवून बगितलेला. तुम्ही किचनात होता. तुम्हाला खिडकीतनं दिसला नाय काय?"

"मी फोनवर होते रे."

"हां, फोनवर होता." थोडा वेळ फडका पिळत राहिला. "जाऊ दे. म्हातारीला खोटी कोण म्हनंल? इन्शाल्ला गावात काय तरी बगू." मग त्याने खिशातून मलमाची ट्यूब काढली आणि कपड्यांच्या बादलीच्या कडेवर ठेवली. "तुमचे पण पाय भाजलेत. लंगडता तुम्ही. कोनाच्या लक्षात नाय."

मी ती ट्यूब घेतली. शुक्रन म्हणाले. सबीहा, मला इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती. तरीही शरमेपेक्षा भीती मोठी होती.

हॉस्पिटलात त्या दिवशी ज्युडिथ डॉक्टरांकडे गेली तेव्हा बाईंनी माझा हात दाबला होता. म्हणाल्या होत्या, "हाक देणाऱ्याला कंपनी कधीच पुढे करत नाही, चूक झाली तरी." म्हणजे मला वाचवायला त्यांनी त्याचं नाव घेतलं. आज सकाळी तळव्याची पट्टी बदलताना मी धीर करून विचारलं, "मॅडम, आता ज्युडिथमॅडमना खरं सांगू या का? ड्रायव्हर बिचारा चालला." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. "कुठला ड्रायव्हर?" म्हणाल्या.

त्या विसरल्या. जिने खोटं सांगितलं ती विसरून गेली, आणि ते खोटं आता माझ्या एकटीच्या अंगावर आहे.

दोह्यातच अल मुंतझाला राहणाऱ्या रिफतला फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं. ती आपल्याकडचीच, रत्नागिरीची. म्हणाली, "येडी झालीस? म्हाताऱ्या माणसाची हयगय केली म्हणून केस झाली तर तुला कोण सोडवणार? गप्प बस नि महिना जाऊ दे." तेव्हापासून गेटची बेल वाजली की मला पोलीसच वाटतात. काल पाण्याची बाटली देणारा आला होता, तर मी बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

आणि नुसती माझीच भीती असती तरी एक वेळ ठीक होतं. बाईंनी स्टेज का सोडलं ते त्यांनी मला एकदा सांगितलंय. एकसष्टाव्या वर्षी, लंडनला, आठशे माणसांसमोर, वाक्याच्या मधोमध पुढचे शब्द गेले. शंभरदा बोललेलं वाक्य. त्यांनी विंगेत पाहिलं. पूर्वी तिथे एक बाई वही घेऊन शब्द पुरवायला बसायची, पण तोवर ती पद्धत बंद झाली होती. तिथे कुणीच नव्हतं. "कुणीतरी गोळीचा कागद उलगडत होतं," त्या म्हणाल्या, "तेवढा आवाज येत होता." पडदा पाडावा लागला. त्यानंतर त्या परत कधी उभ्या राहिल्या नाहीत. मला म्हणाल्या, मरणाची नाही वाटत भीती, त्या रिकाम्या जागेची वाटते.

मी बोलले तर युसुफ राहील आणि बाईंना भिंतीजवळच्या खुर्चीत नेऊन बसवतील. नाही बोलले तर बाई राहतील, युसुफ जाईल. माझं काय होईल ते दोन्हीकडे मला दिसत नाही. सात दिवस उरलेत.

अम्मा गेली त्या दिवशी मी तुला फोनवर जे बोलले, त्याबद्दलही मला लिहायचं आहे. आज हिंमत नाही.

हजरा


सोमवार, २९ जुलै

सबीहा,

सांगितलं.

घाईत लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय.

काल संध्याकाळी बाईंना तयार करून जेवणाच्या खोलीत आणून बसवलं. टेबलावर ज्युडिथच्या ताटाशेजारी युसुफचं तिकीट छापून ठेवलेलं. ती म्हणाली, "हजरा, त्याला आत बोलाव." मी दारापर्यंत गेले. काचेतून तो दिसत होता, गाडीजवळ, इस्त्रीचा शर्ट घालून. बोलावणार हे त्याला कळलं असावं. मला दार उघडता येईना. 

मी परत फिरले आणि म्हणाले, "मॅडम, गेट त्याने बंद केलं होतं. मी पाहिलं. तुमच्या आईंनी स्वतः उघडलं. मी त्यांना हाक दिली आणि मग बघितलं नाही."

मग सगळंच निघालं. हाफ, बिगिनर्स, ताटल्या पुसत दिलेले शब्द, अकरा महिने. माझं इंग्रजी असं तसंच. अर्ध्यावर हिंदीत बोलायला लागले ते मला कळलंही नाही. ज्युडिथ मध्येच थांबवत म्हणाली, "इंग्लिश, हजरा, प्लीज," आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

बाई शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्या हसल्या, सबीहा. इतकं गोड, इतकं सहज. "डार्लिंग, बिचारी घाबरली आहे," त्या म्हणाल्या. "त्या माणसाची दया आली असेल तिला. चांगल्या मनाची आहे." माझ्या हातावर हलकेच थोपटलं. मला क्षणभर वाटलं, खरंच की, मीच काहीतरी बरळतेय. ज्युडिथलाही तसंच वाटलं. तिने माझ्याकडे पाहिलं ती नजर खोटारड्या माणसाकडे बघायची होती.  वाटलं, आता ही पोलिसांना बोलावणार आणि युसुफही जाणार.

मग ज्युडिथने सुरी-काटा खाली ठेवला आणि हळू विचारलं, "ममी, आपण आत्ता कुठल्या देशात आहोत?"

बाईंनी ग्लास उचलला, एक घोट घेतला. वेळ काढायची त्यांची ही रीत मला पाठ आहे. ग्लास ठेवला, ओठ टिपले, आणि नजर किचनच्या दाराकडे नेली. मी तिथे नव्हते, टेबलाजवळ उभी होते. त्यांनी मला शोधलं. माझ्या डोळ्यांत डोळे घातले आणि थांबून राहिल्या.

कतार. तीन अक्षरं. नुसते ओठ हलवायचे होते.

मी ओठ दातांखाली धरले.

 एसी चालू होता. बाईंच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. पावडरमधून घाम वर आला. त्यांनी एकदाही मुलीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच बघत होत्या. पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या. ज्युडिथ कधीच रडायला लागली होती, तिला उत्तर मिळालं होतं. बाईंना ते कळलंच नाही.

शेवटी त्या मला म्हणाल्या, "तू तर इथेच होतीस."

मी म्हणाले, "हो मॅडम."

रात्री त्या जेवल्या नाहीत. आज सकाळी हाफ दिला, तर आतून काही आलं नाही.

हजरा


गुरुवार, १ ऑगस्ट

सबीहा,

रिफत उद्या गावी निघतेय. ही सगळी पाकिटं तिच्या हाती देते. ती तुझ्या हातात देईल, तुझ्या जावेच्या नाही, असं वचन घेतलंय.

युसुफ राहिला. ज्युडिथने स्वतः गाडीपाशी जाऊन त्याची माफी मागितली. तो दहा वेळा "नो प्रॉब्लेम, मॅडम" म्हणाला, आणि ती आत गेल्यावर गाडीत बसून रडला. मला अजून काही बोललेला नाही. आज सकाळी किचनच्या दारात उभं राहून चहा मागितला, तेवढंच. मी दिला.

पोलीस आले नाहीत. बेल वाजली की मी अजूनही आधी खिडकीतून बघते.

ज्युडिथ एकवीस तारखेला बाईंना घेऊन इंग्लंडला जाणार. तोपर्यंत मी राहायचं, मग सुट्टी. ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मंगळवारी मी बाईंचे कपडे बॅगेत भरत होते तेव्हा ती पलंगाच्या कडेवर येऊन बसली आणि म्हणाली, "अकरा महिने माझी आई जात होती आणि तू मला ते बघू दिलं नाहीस. मी काहीतरी केलं असतं, हजरा. निदान लवकर घरी आले असते."

मी तिला म्हणाले की तुमच्या आईंनीच सांगू नको म्हटलं होतं. ते खरंही आहे. पण मी घड्या घालत राहिले आणि मला तू दिसायला लागलीस.

मी पंचवीस ऑगस्टला मुंबईत उतरेन. पुढे घरी यायचं की नाही ते तू ठरव. पण आधी खालचं वाच, मग ठरव.

२०१७च्या मे महिन्यात मी रजेवर आले होते, आठवतं? परत जायला आठ दिवस राहिले होते. तू बाजारात गेली होतीस. दुपारी बघते तर अम्मा घरात नाही. मी धावत सुटले आणि तिला धक्क्यावर गाठलं. चपला उलट्या पायांत, हातात रिकामा डबा. म्हणाली, "तुझ्या अब्बांची लाँच यायची वेळ झाली, त्यांना जेवण द्यायचंय." अब्बांना जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती. भरती होती, पाणी वरच्या पायरीला लागलेलं. तिने एक पाय पुढे टाकलाच होता. मी तिला हाताला धरून घरी आणलं, पाय धुतले, निजवलं. तू आलीस तेव्हा मी घावणे घालत होते. तू विचारलंस, अम्मा अवेळी कशी झोपली? मी म्हटलं, उकाड्याने.

तुला सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, आता कसलं दोहा, थोरली आहेस, आईजवळ राहा. मला परत यायचं होतं. सगळ्यांना मी सांगायचे की तुमच्यासाठी राबते, पण मला इथली माझी खोली हवी होती, माझं वेगळं जगणं हवं होतं. मी मनाशी म्हटलं, एकदाच झालंय, पुन्हा होणार नाही. आणि विमानात बसले.

वर्षाने तू आंघोळीला गेलीस आणि अम्मा गेली. तेव्हाही भरतीच होती. मयतीच्या दिवशी फोन स्पीकरवर होता, घर माणसांनी भरलेलं, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाच मिनिटांत माणूस कसं जातं? तू काय करत होतीस?" कसं जातं ते मला ठाऊक होतं. साऱ्या घरात एकट्या मलाच ठाऊक होतं. मला भीती वाटली होती, सबीहा, की कुणीतरी मला विचारेल. म्हणून मी आधी तुला विचारलं.

तू रडत म्हणालीस, "आपा, ती कधीच अशी बाहेर जायची नाही गं." मी त्यावर फोन ठेवला.

ती जायची. मी तुला सांगितलं असतं, तर तू सुताराला बोलावून दाराला वरच्या अंगाला कडी बसवून घेतली असतीस, आणि मगच आंघोळीला गेली असतीस.

हजरा